सभेआधीचं इतिवृत्त

बिल्डरांच्या संघटनेत सत्तावीस वर्षं काढलेल्या या माणसाचं खरं नाव ऑफिसात कुणाला चटकन आठवत नसे. केबिनच्या पाटीवर 'कार्यालयीन सचिव' एवढंच होतं, आणि पाठीमागे सगळे त्यांना 'सर्वानुमते' म्हणत. त्यांनी लिहिलेला प्रत्येक ठराव याच शब्दाशी येऊन थांबायचा. संघटनेचे एकशे ऐंशी सभासद. त्यातले निम्मे एकमेकांच्या प्लॉटवर डोळा ठेवून बसलेले, उरलेले निम्मे कोर्टात समोरासमोर उभे. पण सचिवांच्या वहीत सत्तावीस वर्षांत एकदाही कुणाचं कुणाशी वाजलेलं नव्हतं. ऑफिसचा शिपाई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "साहेब, तुमच्या त्या वहीत एखादी खोली भाड्याने मिळते का बघा. फार शांतता आहे तिथे."

सुरुवातीला ते असे नव्हते. टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा पहिल्या सभेचं इतिवृत्त त्यांनी सभा संपल्यावर लिहिलं, आणि जे झालं तेच लिहिलं. दोन सभासदांची जुंपली होती, एकाने दुसऱ्याला सिमेंटचोर म्हटलं होतं. यांनी 'सिमेंटचोर' अवतरणचिन्हात घालून तारखेसह नोंदवलं. तेव्हाच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं.

"हे काय आहे?"

"जे झालं ते, साहेब."

"अरे बाबा, इतिवृत्त म्हणजे जे झालं ते नव्हे. जे झालं असं आपण उद्या म्हणणार आहोत, ते."

एवढं एकच वाक्य. पण काही माणसांना एक वाक्य आयुष्यभर पुरतं. सचिवांनी ते पान बदलून दिलं आणि दुसऱ्या सभेपासून इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच टाइप करायला घेतलं. लोक वरातीमागून घोडे नेतात, यांचे घोडे वरातीआधीच मांडवात जाऊन उभे. दर गुरुवारी चार वाजता सभा. लांबलचक टेबल, भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो, कोपऱ्यात काचेच्या पेटीत कधीच न बांधलेल्या एका वसाहतीचं मॉडेल, आणि एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेली प्लास्टिकची बादली. सभासद यायचे, खुर्चीत टेकायचे, चहाचा कप ओढायचे आणि विचारायचे, "काय सचिव, आज आपण काय ठरवलंय?" सचिव वाचून दाखवायचे. फोनवर बोलता बोलता सह्या व्हायच्या. वीस मिनिटांत सभा आटोपायची. घरी बायको म्हणायची, "आपल्या संसाराचंही आधीच लिहून ठेवायचं होतंत. मला नुसती सही करायची होती." त्यावर ते हसायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या बोलण्याचा थोडा अभिमानच वाटायचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बिल्डरांची संघटना म्हणजे वर्षातून एकदा घरांचं प्रदर्शन भरवणारी आणि पुढाऱ्यांना गुच्छ देणारी मंडळी. तेही ते करतातच. पण संघटनेचा खरा जीव एकाच गोष्टीत असतो. नवा नियम येतोय अशी कुणकुण लागली, की एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका गाडीत बसून मंत्र्याकडे जातात. काही वर्षांपूर्वी शहरात एका तळघराच्या खड्ड्यात माणसं गाडली गेली. सरकारने ठरवलं की खोल खोदकामावर आपले निरीक्षक नेमायचे, त्यांनी पाहून लिहून दिल्याशिवाय खाली माणूस उतरवायचा नाही. संघटनेत पळापळ झाली. शिष्टमंडळ गेलं, आणि त्याचं निवेदन लिहिलं सचिवांनी. त्यात एक वाक्य होतं: 'घरातल्या माणसांवर घरातल्यांइतकी बारीक नजर दुसरे कोण ठेवणार?' मंत्र्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते भाषणातही वापरलं. निरीक्षक राहिले बाजूला. संघटनेचीच सुरक्षा समिती नेमायची, तिनेच खड्डे पाहायचे, तिनेच दाखला द्यायचा असं ठरलं. कुंपणालाच शेत राखायला सांगितलं, आणि त्या कुंपणाचं अर्जपत्र या भल्या माणसाने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

समितीत तीन सभासद. पहिल्या वर्षी ते दोन साइटवर गेले, हेल्मेट घालून फोटो काढले, बुटांना लागलेला चिखल पाहून हळहळले. दुसऱ्या वर्षी एक गेला. तिसऱ्या वर्षापासून सचिव फोन करू लागले. साइटच्या सुपरवायझरला फोन लावायचा, सात प्रश्न विचारायचे, उत्तरं भरायची आणि इतिवृत्तात लिहायचं: 'समितीने प्रत्यक्ष भेट देऊन पाहणी केली. व्यवस्था समाधानकारक.' वर संघटनेचा गोल शिक्का. नगरपालिकेत तो कागद फाइलला लागायचा आणि खोदकाम पुढे सरकायचं.

यात आपण काही वाईट करतोय असं सचिवांना कधी वाटलं नाही, हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा भाबडा विश्वास होता. त्यांनी एकदा 'आगीसाठी वाळूच्या बादल्या ठेवाव्यात' असं लिहिलं, प्रत गेली, आणि महिन्याने खरंच त्या साइटवर चार लाल बादल्या आल्या. हे त्यांनी कित्येकांना सांगितलं होतं. चांगल्या शब्दांत लिहिलं, शिक्का मारला, प्रत पाठवली की ते काम होतं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. चार बादल्यांच्या जोरावर माणूस किती वर्षं काढू शकतो, त्याला हिशेब नाही.

त्यांची धाकटी बहीण आठ वर्षांनी लहान. वडील गेल्यावर तिचं शिक्षण आणि लग्न यांनीच केलं. तिचा नवरा डिप्लोमा झालेला, सरळ माणूस. त्याची कंपनी बंद पडली तेव्हा सचिवांनीच एका सभासदाच्या कानावर घातलं आणि मेहुण्यांना साइट सुपरवायझर म्हणून चिकटवून दिलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. भाऊजींना बोलायचा कंटाळा. खिशात स्वतःची मोजपट्टी, बुटाच्या नाडीला दोन गाठी, आणि दुसऱ्याने मोजलेलं एकदा स्वतः मोजून पाहायची खोड. बहीण म्हणायची, "आमच्याकडे दुधाच्या पातेल्याचीसुद्धा खोली माहीत असते."

भाऊजींची साइट एका अरुंद गल्लीत होती. बारा मजली इमारत व्हायची होती, खाली दोन मजल्यांचं पार्किंग. त्यासाठी खणलेला खड्डा तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केली तरी वर डोकं येणार नाही इतका खोल. पूर्वेला लागूनच एक जुना छापखाना, आणि त्याच्या आवारात जमिनीत बांधलेली पाण्याची टाकी.

बुधवारी दुपारी भाऊजींचा फोन आला.

"दादा, ऑफिसात आहात ना? मग सचिव म्हणूनच ऐका."

"बोला की."

"पूर्वेच्या कडेला वर भेग पडलीय. काल बोट जात नव्हतं, आज जातंय. खालून पाणी झिरपतंय. टेकू कमी आहेत. मालकांना दोनदा सांगितलं, ते म्हणतात स्लॅबची तारीख चुकता कामा नये. तुमच्या कमिटीला एकदा पाठवा. नुसती येऊन उभी राहू दे. माझं कोण ऐकतंय? त्यांचं ऐकतील."

"उद्याच सभा आहे," सचिव म्हणाले. "घेतो मी."

फोन ठेवून त्यांनी टाइप झालेली पानं पुढे ओढली. समितीने सोमवारी सहा साइटना भेट दिल्याचं त्यात लिहून झालं होतं. भाऊजींची साइट चार नंबरला: 'व्यवस्था समाधानकारक.' आता काय करायचं? सुपरवायझरने तक्रार केली असं लिहावं, तर मालक दुसऱ्या दिवशी भाऊजींना घरी बसवणार. मालकाला डावलून संघटनेकडे गेलेल्या माणसाला दुसरा कुठलाही सभासद दारात उभा करणार नाही, हे सचिवांइतकं कुणाला ठाऊक? सापही मेला पाहिजे आणि काठीही मोडता कामा नये. अर्धा तास त्यांनी पेन कानामागे लावून विचार केला, आणि मग ते पान बदलून नवं वाक्य घातलं:

'समितीने पूर्व बाजूची विशेष बारकाईने पाहणी केली व तेथील टेकूंची संख्या तातडीने वाढविण्याबाबत स्थळ-पर्यवेक्षकास तोंडी सूचना दिल्या.'

तीनदा वाचलं. वाक्य त्यांना आवडलं. भाऊजींच्या तोंडचं सगळं त्यात आलं होतं, पण समितीच्या तोंडून. भाऊजींनी तक्रार केल्याचं कुठे कळत नव्हतं. प्रत मालकाकडे गेली की समितीच्या भीतीने का होईना, टेकू येतील. घरी जाताना सचिव खुशीत होते.

गुरुवारी सभेत त्यांनी एक प्रयत्न केला, हेही लिहिलं पाहिजे. सह्या चालू असताना अध्यक्षांकडे वाकून म्हणाले, "साहेब, चार नंबरच्या साइटवर कुणी प्रत्यक्ष जाऊन आलं तर बरं पडेल."

अध्यक्ष पेनाचं टोपण शोधत होते. "लिहिलंय ना त्याचं?"

"लिहिलंय."

"मग झालं तर."

संध्याकाळी सचिवांनी भाऊजींना फोन केला आणि सांगितलं, "टेकूंचं लेखी आलंय हं. प्रत दोन दिवसांत मालकांना मिळेल."

"कमिटी येणार का पण?"

"कमिटीचं लेखी गेलं म्हणजे कमिटी आलीच म्हणायची. काळजी करू नका."

 "बरं," भाऊजी म्हणाले.

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पूर्वेची कडा छापखान्याच्या टाकीसकट खाली आली. खाली माती वाहणाऱ्या चार बायका होत्या. तिघींना त्याच दिवशी काढलं, चौथी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सापडली. सचिवांना बातमी शिपायाने दिली. तो चहाचा ट्रे घेऊन आत आला आणि ट्रे हातात तसाच धरून म्हणाला, "साहेब, चार नंबर." सचिवांना पुढचं विचारावं लागलं नाही. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि त्या दिवशी हा वाक्प्रचार वापरायचीही त्यांना लाज वाटली.

मालकाच्या टेबलावर संघटनेची प्रत शनिवारीच आली होती आणि न वाचता फाइलला लागली होती. मालकाच्या वकिलाने मात्र ती मंगळवारी वाचली. वकिलाला घबाडच सापडलं. समितीने धोका ओळखला होता, सुपरवायझरला स्पष्ट बजावलं होतं, त्याने ऐकलं नाही, मालकापर्यंत बात पोचवली नाही. बुधवारी भाऊजींना घरातून नेलं. ते पोलिसांना सांगत राहिले की कमिटी आलीच नाही, मीच फोन केला होता. पण फोन कुणाला, तर सख्ख्या मेहुण्याला. घरचं बोलणं झालं असेल, असं अधिकारी म्हणाले. गुरुवारच्या वर्तमानपत्रात सचिवांचं वाक्य जसंच्या तसं छापून आलं, अवतरणचिन्हांत. 'विशेष बारकाईने' हे शब्दसुद्धा.

त्याच सकाळी बहीण आली. चपला दाराबाहेर न काढताच आत आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. वहिनीने पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

"दादा, हे म्हणतात कमिटी आलीच नव्हती. खोटं बोलत असतील तर आत्ता सांग. मी गप्प घरी जाते, काही विचारत नाही."

"नव्हती आली," सचिव म्हणाले.

"मग पेपरात आलंय ते कुणी लिहिलं?"

"मी."

तिने पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला. "तू?"

"त्यांच्यावर काही येऊ नये म्हणून. मालकांनी त्यांना काढू नये म्हणून मी ते समितीच्या नावावर..."

बहीण हसली. लहानपणापासून तिचं हसणं त्यांना माहीत होतं, हे कधी ऐकलं नव्हतं. "त्यांच्यावर येऊ नये म्हणून," ती म्हणाली. "मग आता सांगशील ना तिथे जाऊन?"

"बघतो."

"'बघतो' ऑफिसात म्हण, दादा. मला हो किंवा नाही सांग."

 सचिवांना भीती वाटत होती. खोटा कागद केल्याबद्दल आपल्यालाच आत टाकतील, अठ्ठावन्नाव्या वर्षी कोठडीच्या फरशीवर झोपावं लागेल, सत्तावीस वर्षांच्या सगळ्या वह्या बाहेर येतील. चार बायका मातीखाली गेल्या होत्या, मेहुणे कोठडीत होते, आणि या माणसाला आपल्या पाठीच्या दुखण्याची काळजी वाटत होती. त्यांना स्वतःचीच इतकी किळस आली की बहीण कधी उठून गेली ते कळलं नाही.

दुपारी अध्यक्षांनी बोलावलं. अध्यक्ष गोड माणूस. अशी माणसं आवाज चढवत नाहीत, खुर्ची पुढे करतात.

"तुमच्या घरचं दुःख ते आमचं दुःख, सचिव. मेहुण्यांना चांगला वकील संघटना बघून देईल. तुम्हाला खोटं बोलायला कुणी सांगतंय का? नाही. फक्त कुणी विचारलं नाही ते सांगायला जाऊ नका. उद्या विशेष सभा घेऊ. दोनच विषय. मृत कामगारांना श्रद्धांजली, आणि मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. एकदा कायम झालं की प्रश्न मिटला. लिहून ठेवा नेहमीसारखं."

त्या दुपारी सचिव टाइपरायटरसारख्या खडखडणाऱ्या जुन्या कीबोर्डपुढे बसले. श्रद्धांजलीचा मजकूर बोटांना पाठ होता: 'चार कामगारांच्या दुर्दैवी निधनाबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते.' चार कामगार. त्यांची नावं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी टाइप केलेलं सगळं पुसलं आणि मशीन बंद केलं.

शुक्रवारी कार्यकारिणीचे अकराच्या अकरा सभासद वेळेवर हजर होते. आज काय ठरवलंय असं कुणी विचारलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "वाचा."

"काही लिहिलेलं नाही, साहेब," सचिव म्हणाले.

सगळ्यांनी वर पाहिलं. सचिव उभे राहिले. त्यांनी एका दमात सांगून टाकलं. समिती त्या साइटवर गेली नव्हती. तिसऱ्या वर्षापासून ती कुठल्याच साइटवर गेली नव्हती. बुधवारी सुपरवायझरने स्वतः फोन करून धोका सांगितला होता आणि समितीला बोलावलं होतं. ती सूचना त्याची होती, समितीची नव्हे. सगळं मी लिहिलं, सभेच्या आदल्या दिवशी.

एसीचं पाणी बादलीत पडल्याचा आवाज येत होता. मग सुरक्षा समितीचा प्रमुख बोलला. "ऑफिसने आणलेल्या कागदावर आम्ही विश्वासाने सही केली. ऑफिसच खोटं लिहीत असेल तर आम्ही काय करायचं?"

घर फिरलं की वासे फिरतात, तसे एकेक करून सगळे फिरले. आमची फसवणूक झाली, एक म्हणाला. विश्वासघात, दुसरा म्हणाला. सत्तावीस वर्षांत प्रथमच त्या टेबलाभोवती खरी चर्चा होत होती, आणि ती सचिवांबद्दल होती. पाऊण तासाने एकमत झालं. समितीने सदर ठिकाणी भेट दिली नव्हती, कार्यालयीन सचिवाने परस्पर खोटा अहवाल लिहून समितीची दिशाभूल केली, सबब त्यास तात्काळ कामावरून कमी करावं. अकरा हात वर झाले. सगळ्यांना हायसं वाटलं होतं. अध्यक्षांनी सवयीने डावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "घ्या लिहून."

आणि सचिवांनी घेतलं लिहून. आपल्याच हकालपट्टीचा ठराव त्यांनी त्याच वळणदार अक्षरात लिहिला. मध्येच थांबून विचारलं, "साहेब, 'समितीने प्रत्यक्ष भेट दिली नव्हती' हे स्पष्ट शब्दांत हवं ना?"

"अगदी स्पष्ट," समितीचा प्रमुख म्हणाला. "त्यात कुठे संदिग्धता नको."

अकराजणांनी घाईघाईने सह्या केल्या. एका माणसाचा बळी द्यायच्या नादात आपण दुसऱ्याला कोठडीतून बाहेर काढतोय, हे त्यातल्या कुणाच्या ध्यानात आलं नाही. अध्यक्षांच्या आलं, पण जिन्यापर्यंत गेल्यावर. ते परत येऊन वही मागू लागले तोवर शिपायाने त्या पानाच्या दोन नकला काढून शिक्का मारला होता आणि एक सचिवांच्या हातात दिली होती. "जा," तो म्हणाला, "वहीत काय राहायचंय आता."

सचिव तसेच पोलीस ठाण्यात गेले. तपास अधिकाऱ्याने ठराव वाचला, मग परत वाचला.

"म्हणजे तुम्ही न झालेलं लिहिता?"

"सत्तावीस वर्षं."

"आणि हे आत्ताचं? हे झालंय?"

"हे झालंय, साहेब. हे पहिलंच."

जबाब घ्यायला अडीच तास लागले. सचिवांवरही गुन्हा दाखल झाला. बोलावलं की यायचं, शहर सोडायचं नाही, या बोलीवर त्यांना घरी सोडलं. भाऊजी अकरा दिवसांनी सुटले. मालकाची चौकशी लागली आणि ती अजून लागलेलीच आहे. संघटनेत नवा सचिव आला. निरीक्षक नेमण्याची चर्चा सरकारात पुन्हा सुरू झाली, तेव्हा शिष्टमंडळ पुन्हा एका गाडीत बसून गेलं. निवेदन नव्या सचिवाने लिहिलं असावं.

भाऊजी सुटल्यावर चौथ्या दिवशी सचिव त्यांना भेटायला गेले. जावं की नाही, यात तीन दिवस गेले होते. बहिणीने दार उघडलं, "ये, दादा" म्हणाली आणि आत गेली. भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अकरा दिवसांत माणूस पार वाळला होता. सचिवांना वाटलं होतं, ते शिव्या देतील. शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती. कदाचित आभार मानतील असंही एकदा मनात आलं होतं, आणि त्याची त्यांना जास्त धास्ती होती.

भाऊजींनी दोन्ही केलं नाही.

"तुम्ही सांगितलंत म्हणून बाहेर आलो," ते म्हणाले. "ते मी जाणून आहे. पण एक गोष्ट मी तिथे कुणाला सांगितली नाही. तुम्हाला सांगतो."

सचिव समोरच्या पलंगाच्या कडेवर टेकले.

"मंगळवारी भेग दिसल्यापासून मी खाली कुणाला उतरू दिलं नव्हतं. मालकांना सांगितलं, पाणी उपसायचा पंप बिघडलाय. पंप चांगला होता. त्याची वायर मीच काढून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवली होती. मालक ओरडत होते. ओरडू देत होतो. आणखी आठवडा मी असाच काढला असता, दादा. मला जमलं असतं ते."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"मग गुरुवारी तुमचा फोन आला. शुक्रवारी मालकांना म्हटलं, कमिटीचं लेखी येतंय. ते म्हणाले, येऊ दे, टेकू सोमवारी मागवतो, तू काम चालू कर. मला वाटलं, आता कागद आहे, आता यांना मागे फिरता येणार नाही. वायर जोडली."

"भाऊजी..." सचिव म्हणाले.

"थांबा. सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्या चौघी बायकांतली थोरली माझ्याकडे आली. म्हणाली, साहेब, टेकू आले नाहीत, आज खाली नको वाटतं. मी म्हटलं, येतायत, वर लेखी गेलंय. ती म्हणाली, लेखी गेलं म्हणजे काय होतं? तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, अगं, माझे मेहुणेच आहेत तिथे. त्यांनी लिहिलं, म्हणजे ते होतंच."

भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले.

"मग तिने घमेलं उचललं आणि शिडीवरून खाली उतरली. तिच्या मागून बाकीच्या तिघी."